गॅसची गोळी: कोणाला, केव्हा, किती दिवस?

रानवेल
राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विषय घरचा आहे, पण गावोगाव हेच चालू असणार, म्हणून मांडते.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, ६८ वर्षांचे. काही वर्षांपूर्वी दुर्बीण टाकून तपासलं तेव्हा जठरात अल्सर निघाला. तेव्हा लिहून दिलेली गॅसची गोळी, पँटोप्राझोल ४०, आजही चालू आहे. चालू ठेवा असं कोणी म्हटलं नाही, बंद करा असंही कोणी म्हटलं नाही. चिठ्ठी केव्हाच हरवली. मेडिकलवर गोळ्यांचा रिकामा पत्ता दाखवला की भरलेला मिळतो. रात्रीचं जेवण झालं की खाटेवर आडवं व्हायच्या आधी गोळी घेतात.

त्यात गुडघे. कापूस वेचणीच्या दिवसांत गावातल्या एका दवाखान्यातून पुडी येते, त्यात दुखण्याची गोळी असते आणि आणखी एक पांढरी बारीक गोळी, जिचं नाव कोणाला माहीत नाही. मागच्या महिन्यात मळमळ होते म्हणून तालुक्याला दाखवलं, तिथून रॅबेप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल आली. परवा मी सगळे पत्ते खाटेवर मांडले तर गॅसच्याच दोन गोळ्या निघाल्या.

दोन्ही चालतात का? रात्री घेतलेली लागू पडते का? आणि खरी अडचण ही की दोन दिवस गोळी चुकली तर छातीत नुसती आग पेटते, म्हणून ते सोडायला तयार नाहीत. "सवय लागली बाई आता," म्हणतात.

बोंडअळी
वैनी, हे तं घरोघरचं हाये. आमचे बाबा सकायी उठले का पह्यले काळा चहा, मंग खर्रा, मंग पुन्हा चहा, आन मंग म्हणतात गॅस झाला. गोळीनं तरी काय काय सांभाळावं? मले तं वाटते गोळीलेच ॲसिडिटी होत असंन.

मेडिकलवाला_भाऊ
तालुक्याच्या ठिकाणी माझं दुकान आहे. रानवेलताई, तुम्ही पत्ते मांडून पाहिले हे फार बरं केलं. अशा दुहेरी गोळ्या मला आठवड्यातून बरेचदा दिसतात. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवत नाहीत, दोघंही आपापल्या ब्रँडची लिहितात, आणि पेशंटला वाटतं दोन वेगळी औषधं आहेत.

ओळखायची सोपी रीत सांगतो. पत्त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, ते सोडा. खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. त्याचा शेवट 'प्राझोल' असा असला (ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल) तर सगळी एकाच घरची. दोन सोबत घ्यायचं कारण नाही. शेवट 'टिडीन' असला, जसं फॅमोटिडीन, तर ते दुसरं घर, त्याचं काम जरा वेगळं. पातळ औषध, चघळायची गोळी, सोडा हे तिसरं: आधीच तयार झालेलं ॲसिड तेवढ्यापुरतं मारायचं.

आणि प्राझोलच्या पत्त्यावर उभी लाल रेघ पाहा. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. आमच्या धंद्यात ते किती पाळलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, लपवून उपयोग नाही. समोरचा म्हातारा माणूस २० किलोमीटरवरून यष्टीनं आलेला असतो, त्याला परत पाठवणं जीवावर येतं. पण निदान "किती दिवसांपासून घेता, सोबत काय घेता" एवढं आम्ही विचारलंच पाहिजे.

डॉक्टरीण_मेळघाट
ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन आहे. जमेल तसं लिहिते. ही सर्वसाधारण माहिती समजा, मामाजींचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

आधी वेळेचं. जठराच्या आतल्या पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. प्राझोल गट हे पंप बंद पाडतो, पण जे पंप त्या वेळी चालू असतील तेच. पंप जोरात चालू होतात जेवणामुळे. गोळी आतड्यात विरघळून रक्तात यायला वेळ लागतो आणि रक्तात ती एक-दोन तासच टिकते. म्हणून जेवणाच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची, म्हणजे घास पोटात जाऊन पंप सुरू होतात तेव्हा औषध तिथे हजर असतं. जेवण उरकून, झोपताना घेतली तर औषध येतं तेव्हा बरेच पंप थंडावलेले असतात. गोळी पूर्ण वाया जात नाही, पण अर्धवट काम करते. मग "एका गोळीनं भागत नाही" म्हणून दुसरी चालू होते.

एकदा बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो. म्हणून औषध रक्तातून गेलं तरी परिणाम दिवसभर राहतो आणि बहुतेकांना एकच गोळी पुरते. मात्र पूर्ण असर यायला तीन ते पाच दिवस लागतात. पाहुण्यांकडे तर्री हाणून रात्री छाती जळायला लागल्यावर ही गोळी घेऊन लगेच आराम पडेल ही अपेक्षा चूक आहे. त्या वेळी पातळ अँटॅसिड बरं.

गोळी फोडून, चावून, कुटून घेऊ नका. तिच्यावरचं आवरण जठरातल्या ॲसिडपासून तिलाच वाचवण्यासाठी असतं.

बोंडअळी
म्हंजे बोअर चालू असतानाच फ्यूज काढा लागते, बंद बोअरचा काढून उपेग नाई. समजलं मॅडम. पण आमचं रातचं ओलित असते. लाईन राती येते, जेवण हुते अकरा-बाराले, झोप पायटी. मंग सकायची गोळी म्हंजे नेमकी कवाची?

डॉक्टरीण_मेळघाट
फ्यूजचं बरोबर पकडलंत. घड्याळ पाहू नका, जेवण पाहा. झोपून उठल्यावर जे पहिलं पोटभर खाणं असेल त्याच्या अर्धा तास आधी. दुपारी बारा वाजता उठत असाल तर सकाळ उलटून गेली म्हणून गोळी चुकली असं होत नाही. खरा त्रास मात्र त्या अकरा-बाराच्या जेवणाचाच आहे. भरल्या पोटी आडवं झालं की अन्ननलिकेच्या तोंडाशी ॲसिड येणारच. पाणी द्यायला जायच्या आधी जेवून घ्या, आल्यावर थोडंसं काही खा. झोपणं आणि जेवण यात दोन-तीन तास हवेत.

शंकासुर
सगळं ठीक, पण एवढी वर्षं रोज गोळी घ्यायची म्हणजे किडनी जाणार, हाडं जाणार, विसरभोळेपणा येणार. रोज व्हॉट्सॲपवर येतं. मग डॉक्टर लोक लिहितातच कशाला? आमच्या आजीनं आयुष्यभर ओवा आणि काळं मीठ खाल्लं, एक गोळी नाही घेतली.

डॉक्टरीण_मेळघाट
शंकासुर, तुमची शंका अर्धी खरी आहे, म्हणून सविस्तर सांगते.

जे पक्कं आहे ते: लांब मुदतीत काहींचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, कारण अन्नातून ते सुटं व्हायला ॲसिड लागतं. जे दूध-अंडी-मटण फारसं खात नाहीत त्यांचं आधीच कमी असतं. काहींचं मॅग्नेशियम घटतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. पाय वळणं, हातापायाला कंप, छातीत धडधड अशी लक्षणं असतील तर रक्त तपासावं. लोह कमी शोषलं जातं. पोटातले जंतुसंसर्ग, जुलाब थोडे वाढतात. किडनीला अचानक सूज येणं दुर्मीळ, पण होतं. आपल्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये ही नोंद माहितीपत्रकात घालायला सांगितली. ती सूज लवकर कळली आणि गोळी थांबवली तर किडनी बरेचदा सुधारते. दीर्घकाळ मोठ्या डोसवर असलेल्या वयस्कर माणसांत हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढलेला दिसतो.

जे कच्चं आहे ते: विसरभोळेपणा, हृदयविकार वगैरे. ज्यांना ही गोळी चालू असते ते मुळातच जास्त आजारी आणि वयस्कर असतात, त्यामुळे नुसती मोजदाद केली की दोष गोळीवर येतो. २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. १७,५९८ लोकांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल, निम्म्यांना खोटी (औषध नसलेली) गोळी, आणि सुमारे तीन वर्षं पाठपुरावा. ठळक फरक दिसला तो फक्त पोटातल्या जंतुसंसर्गात: १.४ टक्के विरुद्ध १.० टक्का. तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत, हे मान्य. पण व्हॉट्सॲपवरची भीती आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा.

कारण असेल तर गोळीचा फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा. कारणच नसेल तर छोटा धोकाही कशाला घ्यायचा? माझ्या ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच लोकांना ती का चालू आहे हेच सांगता येत नाही. सर्दीच्या अँटिबायोटिकसोबत "गरमी होऊ नये" म्हणून पाच दिवसांची मिळाली आणि मग ती घरातच राहिली.

ओव्याबद्दल भांडण नाही. पण आजीला अल्सर नव्हता.

रानवेल
मॅडम, किती दिवस घ्यायची याला काही ठराव आहे का?

डॉक्टरीण_मेळघाट
आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर साधारण चार आठवडे, जठरातला असेल तर आठ. अन्ननलिकेला ॲसिडनं जखम झाली असेल तर आठ. नुसती जळजळ असेल तर चार ते आठ आठवडे, मग थांबवून पाहायचं. जठरातला अल्सर भरला की नाही हे बरेचदा पुन्हा दुर्बिणीनं पाहतात, कारण अल्सरसारखा दिसणारा कॅन्सर असू शकतो. मामाजींची ती दुसरी दुर्बीण झाली होती का?

काही लोकांना मात्र ती लांब चालवावीच लागते, आणि त्यांनी हे वाचून स्वतःहून बंद करू नये: अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, अल्सरचा इतिहास असून दुखण्याची गोळी किंवा ॲस्पिरिन टाळता येत नाही असे, अन्ननलिकेला फार मोठी जखम झालेले किंवा तिथल्या अस्तरात बदल झालेले.

आता मूळ कारण. अल्सरचे दोन मोठे बाप. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. दुसरा, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या दुखण्याच्या गोळ्या. जंतूचा शोध ऑस्ट्रेलियात पर्थ इथल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी लावला. तोवर सगळे म्हणत की अल्सर टेन्शननं, तिखटानं होतो. लोक ऐकेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं मिश्रण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. हा जंतू पोटात असेल तर नुसत्या प्राझोलनं अल्सर भरतो आणि गोळी थांबली की बरेचदा परत येतो. त्याला सहसा १४ दिवसांचा कोर्स लागतो: प्राझोल दिवसातून दोनदा आणि सोबत दोन किंवा जास्त अँटिबायोटिक. तोंड कडू होतं, जुलाब होतात, म्हणून लोक मधेच सोडतात. मग जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

आणि तपासणी करताना एक मेख आहे. गोळी चालू असताना जंतू दबून असतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. म्हणून शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची तर दोन आठवडे आधी प्राझोल आणि चार आठवडे आधी अँटिबायोटिक बंद हवं. हे थांबवणंही डॉक्टरांना विचारूनच.

झाडीपट्टीकर
ब्रह्मपुरीकडचा. दुखण्याच्या गोळीवरून एक सांगावंसं वाटते, आमच्या भागातल्यांनी नीट वाचा.

माझा भाचा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. खुब्याचं हाड खराब झालेलं, दुखणं सुरू झालं की पोरगं रडते. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, त्या चालतच राहिल्या. रोवण्याच्या दिवसांत त्याला उभं राहिलं की चक्कर यायला लागली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार खाली. सगळे म्हणाले सिकलचं पोरगं आहे, रक्त कमीच राहणार. रक्त चढवलं, घरी आणलं. परत तेच. शेवटी नागपूरला एका शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, "संडास कोणत्या रंगाची होते?" पोरगं म्हणालं, काळी. घरी कोणी विचारलंच नव्हतं, अन् पोराला ते सांगायची लाज. दुर्बिणीत अल्सर निघाला, त्यातून रक्त झिरपत होतं.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, इकडे सिकलसेल घरोघरी आहे. रक्त कमी झालं म्हणजे सिकलनंच झालं असं धरून चालू नका.

आशाताई_घाट
मी आशा कार्यकर्ती आहे. भाऊ, हे वाचून बरं वाटलं की कोणी तरी उघड बोललं. बायका तर हे बिलकुल सांगत नाहीत. मी घरी जाऊन विचारते तेव्हा आधी हसतात.

एक गोंधळ मात्र नेहमी होतो. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या आम्ही देतो, त्यानंही संडास काळी होते आणि त्या घाबरून गोळ्या फेकून देतात. मॅडम, फरक कसा सांगायचा? आणि गरोदरपणात छाती जळते तेव्हा काय द्यायचं, सगळ्या मलाच विचारतात.

डॉक्टरीण_मेळघाट
आशाताई, लोहाची संडास काळी-हिरवट, पण बांधीव असते. रक्ताची असेल तर डांबरासारखी चकचकीत, चिकट, पाण्यानं धुऊन निघत नाही अशी, आणि वास वेगळाच घाण. सोबत चक्कर, धाप, घाम, किंवा उलटीत लाल रक्त अथवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काळं काही पडलं तर वाट पाहायची नाही. १०८ बोलवा. अशा वेळी घरी गॅसची गोळी देऊन सकाळ उजाडायची वाट पाहिलेले पेशंट आमच्याकडे पांढरेफटक होऊन येतात.

गरोदरपणात आधी थोडं थोडं खाणं, रात्री लवकर जेवणं, डोक्याकडची बाजू उंच करणं. त्यानं भागलं नाही तर पातळ अँटॅसिड, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर, नाहीतर लोह शोषलं जात नाही. पुढची गोळी लागली तर पीएचसीच्या डॉक्टरांकडून. खायचा सोडा गरोदर बाईनं आणि बीपीच्या पेशंटनं टाळावा, त्यात सोडियम फार असतं.

झाडीपट्टीकर, तुमच्या भाच्याची गोष्ट मी आमच्या इंटर्नना सांगणार आहे. सिकलच्या दुखण्यात दुखण्याच्या गोळ्या लागतात, त्या पूर्ण टाळा असं म्हणणार नाही. पण कोणती, किती दिवस आणि पोटाला संरक्षण काय, हे सिकलचं कार्ड दाखवून ठरवून घ्या. अनेकांना पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घेतलं तर पोटाला कमी त्रास होतो.

आणि रानवेल, ती "पांढरी बारीक गोळी" मला खटकते. पुडीत बरेचदा स्टिरॉइड असतं. ते घेतलं की गुडघा एका रात्रीत हलका होतो, म्हणून लोक त्याच दवाखान्यात परत जातात. दुखण्याची गोळी आणि स्टिरॉइड एकत्र म्हणजे अल्सरला आमंत्रण. बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम बंदही करायचं नसतं. पुडी तशीच घेऊन मोठ्या दवाखान्यात दाखवा.

बोंडअळी
आता मी गमतीचं नाई लिहीत. आमच्या काकाले पऱ्हाटीत फवारणी करता करता छातीत जळजळ झाली. म्हणे गॅस हाये. सोडा पेले, ढेकर बी आली. घाम फुटला तरी म्हणे उन्हानं फुटला. गाडीत टाकून नेलं तवा डॉक्टर म्हणे हार्ट अटॅक. वाचले, पण उशीर झाला होता. आता त्याहीच्या छातीत जाळी टाकलेली हाये, रक्त पातळ व्हायची गोळी अन् त्यासंग गॅसची गोळी. ते चालते नं?

डॉक्टरीण_मेळघाट
चालते, आणि अनेकदा मुद्दाम दिलेलीच असते, कारण रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सोबत असल्या की पोटातून रक्त जायचा धोका वाढतो. फक्त त्यांच्या पत्त्यावर क्लोपिडोग्रेल लिहिलं असेल तर गॅसची गोळी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल नको. यकृतातलं जे एन्झाइम क्लोपिडोग्रेलला कामाला लावतं, तेच या दोन गोळ्या अडवून धरतात. पँटोप्राझोल त्यात बरी. पण दुकानातून आपणच बदलून आणू नका, त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

काकांचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवा. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, मधुमेह किंवा तंबाखू सोबत, आणि छातीत नवीनच जळजळ किंवा दाब, घाम, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ, चालल्यावर वाढणारी: आधी ईसीजी. ढेकर आला म्हणून गॅसच, असं नसतं.

मेडिकलवाला_भाऊ
मॅडम, "डी" वाल्या कॅप्सूलबद्दलही लिहा. माझ्याकडे साध्यापेक्षा तीच जास्त खपते, आणि लोक महिनोन्‌महिने घेतात.

डॉक्टरीण_मेळघाट
बरोबर बोललात. "डी" म्हणजे डॉमपेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. ॲसिडशी त्याचा संबंध नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याच्यावर मर्यादा घातली: मोठ्या माणसाला एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा आठवड्याहून जास्त नाही. कारण हृदयाची लय बिघडू शकते, विशेषतः साठीच्या पुढे आणि आधीच हृदयविकार असलेल्यांत. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल अशा औषधांसोबत धोका वाढतो. बायकांमध्ये पाळी पुढे जाणं, बाळ नसताना छातीतून दूध येणं हेही होतं, आणि मग भलत्याच तपासण्या सुरू होतात. मळमळ नसेल तर साधी गोळी मागा.

शंकासुर
पण मुख्य प्रश्न राहिलाच. गोळी बंद केली की आग पेटते, म्हणजे सवय लागली ना? व्यसनच म्हणा.

डॉक्टरीण_मेळघाट
व्यसन नाही, पण जे घडतं ते खरं आहे. ॲसिड दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून ॲसिड बनवणाऱ्या यंत्रणेला डिवचत राहतं. गोळी एकदम थांबली की काही दिवस ॲसिड आधीपेक्षा जास्त तयार होतं. डेन्मार्कमधला २००९ चा अभ्यास आहे. पोटाचा काहीही त्रास नसलेल्या धडधाकट लोकांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन थांबवली, तर त्यानंतरच्या महिन्यात ४४ टक्क्यांना ॲसिडची लक्षणं आली. खोटी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. म्हणजे गोळी बंद केल्यावर जळजळ झाली याचा अर्थ रोग परतला असाच नसतो.

ज्यांना बंद करायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्यासाठी मी सहसा असं करते: ४० ची २० वर, दोन-तीन आठवडे. मग एक दिवसाआड. मग बंद. मधे जळजळ झाली तर पातळ अँटॅसिड किंवा रात्री फॅमोटिडीन. पहिले दोन-चार आठवडे त्रास होईल हे आधीच सांगून ठेवते, त्यानं निम्मे लोक तग धरतात. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर मात्र सुरू करू नका, हे अनुभवाचं.

जुनी रॅनिटिडीन अजून घरात असेल. तिच्यात एनडीएमए नावाचा घातक घटक तयार होतो असं २०१९ मध्ये निघालं, अमेरिकेनं २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती वगळली गेली. नव्यानं घेऊ नका.

मीठभाकर
तिखटानं अल्सर होत नाही म्हणता, मग आम्ही भिवापुरी मिरची सोडायची की नाही? सासूबाई म्हणतात थंड दूध प्यायचं, सगळं निवतं.

डॉक्टरीण_मेळघाट
ज्याला मिरचीनं जळजळ होते त्यानं कमी करावी, ज्याला होत नाही त्यानं खुशाल ठेचा खावा. सगळ्यांना एकच पथ्य देण्यात मला अर्थ वाटत नाही. दुधानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांमुळे ॲसिड पुन्हा सुटतं. ग्लासभर दूध म्हणजे औषध नव्हे.

माझ्या पेशंटांना मी तीन गोष्टींवरून छळते. खर्रा: तंबाखूनं अन्ननलिकेचं झाकण सैल पडतं आणि अल्सर उशिरा भरतो. गोळी आणि खर्रा दोन्ही एकाच खिशात असतात हे मी रोज पाहते. दुसरं, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, सहा-आठ इंच उंची. उशा वाढवून काम होत नाही, त्यानं पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. तिसरं, जेवल्या-जेवल्या वाकून निंदण-वेचणी नको.

आणि खाली यातलं काही असेल तर पथ्यपाणी, गोळी बदलणं सगळं बाजूला ठेवून दुर्बीण: घास अडकणं, वजन उतरणं, रक्त कमी निघणं, वारंवार उलट्या, घरात कोणाला जठराचा कॅन्सर, किंवा उतारवयात पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास.

रानवेल
सगळ्यांचे आभार. काल मामाजींना घेऊन गेले होते. सगळे पत्ते आणि पुडी पिशवीत घालून नेली. डॉक्टरांनी पुडी पाहून मान हलवली. "डी" वाली कॅप्सूल लगेच बंद. त्या पांढऱ्या गोळीचं हळूहळू कमी करायचं वेळापत्रक दिलं. गुडघ्याला पॅरासिटामॉल, लावायचं मलम आणि मांडीचे व्यायाम. पँटोप्राझोल एकच, सकाळी नाश्त्याआधी, कारण अल्सरचा इतिहास आहे. दुसरी दुर्बीण कधी झालीच नव्हती, ती आता यवतमाळला करायची आणि तेव्हाच तुकडा घेऊन जंतूही पाहणार. त्यासाठी गोळी थांबवायची की नाही ते तारीख मिळाल्यावर सांगणार आहेत, कारण पोटात रक्तस्राव होण्याचा धोका त्यांना घ्यायचा नाही.

मामाजी रस्ताभर एकच म्हणत होते, "दोन गोळ्या होत्या तं दोन्ही लागू पडत होत्या."

आता माझाच एक प्रश्न. मला थायरॉइडची गोळी आहे, तीही सकाळी उपाशीपोटी, आणि हल्ली जळजळीसाठी महिनाभराची पँटोप्राझोल दिली आहे. दोन्हींत किती अंतर ठेवू?

डॉक्टरीण_मेळघाट
अंतरानं फारसा फरक पडत नाही. जठरात ॲसिड कमी झाल्यामुळे थायरॉइडची गोळी कमी विरघळते, आणि ॲसिड तर दिवसभर कमी असतं. दोन्ही उठल्यावर साध्या पाण्यानं घ्या, मग अर्धा ते एक तास काही नको. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा, वाढलेला निघाला तर डोस बदलावा लागेल. अँटॅसिड, लोह, कॅल्शियम यांना मात्र थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवा.

रानवेल
अर्धा तास चहासुद्धा नाही?

डॉक्टरीण_मेळघाट
चहासुद्धा नाही.

बोंडअळी
वैनी, आता तुमचं खरं पथ्य सुरू झालं.

मेडिकलवाला_भाऊ
पत्ते घेऊन येणाऱ्यांसाठी जाता जाता: जनऔषधी केंद्रात पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, फॅमोटिडीन तिन्ही मिळतात, ब्रँडपेक्षा बऱ्याच स्वस्त. चिठ्ठी तिथेही लागते.